मोडशी आणि मोर्देशी

बी.ए. झाल्यावर मी दोन वर्षं रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांकडे टायपिस्ट होतो. ही १९९२च्या आसपासची गोष्ट. डॉक्टर पेशंट तपासता तपासता इंग्रजीत सांगायचे आणि मी टाइप करायचो. माझं बी.ए. मराठीचं. शब्द कानावर यायचा, त्याचा अर्थ मात्र कळायचा नाही. ‘मेलिना’ हे मी एका बाईंचं नाव समजलो होतो. तो आतल्या रक्तस्रावामुळे होणाऱ्या काळ्या शौचाला शब्द आहे, हे डॉक्टरांनी हसून सांगितलं.

एकदा मात्र ते हसले नाहीत. मधुमेहाच्या एका पेशंटची साखर वारंवार एकदम उतरायची. त्याच्यासाठी कोल्हापूरच्या तज्ज्ञांना चिठ्ठी द्यायची होती. डॉक्टर म्हणाले ‘हायपो’, मी टाइप केलं ‘हायपर’. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. सहीपूर्वी त्यांनी वाचलं म्हणून बरं. नाहीतर साखर वाढते असं समजून त्याचं इन्शुलिन वाढवलं गेलं असतं. डॉक्टरांनी कागद फाडला आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली, अगदी सावकाश.

त्या दिवसापासून मी वैद्यकीय शब्दांच्या मागे लागलो आणि पुढे एका माणसाच्या प्रेमात पडलो. त्याचं नाव गार्सिया द ऑर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती हा त्याचा विषय आणि सगळी मांडणी संवादाची. ऑर्ता आणि नुकताच आलेला एक पाहुणा बोलत बसतात. मधूनच दासी अंतोनिया एखादी वनस्पती आणून दाखवते, कधी मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो. गोव्याचा छापखाना तेव्हा नवाच होता. त्यामुळे पुस्तकात छपाईच्या चुका इतक्या, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. हे वाचून मला फार धीर आला!

ऑर्ता प्रत्येक गोष्टीचं नाव चार ठिकाणी विचारतो. अरब काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, दख्खनी काय, मलबारी काय. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे तो उपचारासाठी जात असे. सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली, त्याने सुलतानाला लॅटिन नावं शिकवली. रोगी आणि वैद्य एकमेकांची शिकवणी घेताहेत, हे चित्र मला मोठं लोभस वाटतं.

या पुस्तकात पटकीवर एक प्रकरण आहे. गोव्यात १५४३ साली या रोगाने हाहाकार माजवला होता. माणसं इतकी मरत होती, की मृतांसाठी चर्चची घंटा वाजवायलाच गव्हर्नराने बंदी घातली, असं इतिहासकार गास्पार कोर्रैया लिहून गेला आहे. ऑर्ता या रोगाचं लॅटिन नाव देतो, अरबी देतो (आपला ‘हैजा’ तो हाच) आणि सांगतो, की इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात, आम्ही पोर्तुगीज बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. म्हणजे आपली मोडशी! ऐकताना झालेली चूक त्याने चूक म्हणूनच नोंदवून ठेवली.

पुढच्यांनी तेवढं केलं नाही. पोर्तुगीजांचं ‘मोर्देशी’ फ्रेंचांच्या कानी पडलं आणि त्यांनी त्याचं केलं ‘मोर द श्यँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण. कुत्र्याचा आणि या रोगाचा काडीचा संबंध नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या आपल्या कोशात हा सगळा प्रवास दिला आहे. मोडशीचा धागा ते ‘मोडणे’पर्यंत नेतात. अंग मोडतं, माणूस मोडतो, ते हे.

अर्थात आपणही काही कमी नाही. त्यांच्या अफोन्सोचा आपण हापूस केला आणि आता तो रत्नागिरीचा म्हणून जगाला विकतो.

मोडशी मात्र आपल्याकडे पुढे निवळली. आज आपण साध्या अपचनाला मोडशी म्हणतो. दवाखान्यात मिरकरवाड्याची एक म्हातारी यायची. पोट धरून म्हणायची, “मोडशी जालीय, डाक्टर.” डॉक्टर घाटावरचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, “नानी, उलट्या किती झाल्या? जुलाब?” तिने बोटं मोजून सांगितलं, मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “आधी तिचा शब्द टाइप कर, मग माझा.” इंग्रजीत मोडशीचं स्पेलिंग काय करायचं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.