अतिस्थूलता, मेदाम्ले आणि दाह : एका वैद्यकीय विचाराचा इतिहास

प्रस्तावना

अतिस्थूलता म्हणजे अतिआहाराचे फळ आणि संयमाचा अभाव, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वैद्यकशास्त्रही मेदऊतीकडे जादा ऊर्जा साठविणारे निष्क्रिय कोठार म्हणूनच पाहत असे. ही दृष्टी कशी बदलली आणि नव्या विचारालाही कोणत्या मर्यादा पडल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एक विस्मृत निरीक्षण

१८७६ मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म एब्स्टाइन यांनी आणि १९०१ मध्ये मँचेस्टरचे आर. टी. विल्यमसन यांनी एक नोंद केली. मधुमेही रुग्णास सोडियम सॅलिसिलेट मोठ्या मात्रेत दिल्यास लघवीतील साखर कमी होते, असे त्यांना आढळले. सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातील दाहशामक द्रव्य होय. परंतु मधुमेहाचा दाहाशी संबंध जोडणारी उपपत्तीच तेव्हा नव्हती. पुढे १९२२ पासून इन्सुलिनचा उपचार सुरू झाला आणि हे निरीक्षण मागे पडले.

मेदाचे स्थान व मेदाम्लांचे कार्य

१९४७ मध्ये मार्सेय येथील ज्याँ वाग यांनी मेद किती आहे याइतकेच तो शरीरात कोठे साठला आहे हेही महत्त्वाचे असल्याचे प्रतिपादन केले. कमरेच्या वरच्या भागातील मेदाचा मधुमेहाशी निकटचा संबंध त्यांनी दाखविला. १९६३ मध्ये केंब्रिज येथील फिलिप रँडल व सहकाऱ्यांनी स्नायूंमध्ये मेदाम्ले व ग्लुकोज यांच्यात इंधन म्हणून स्पर्धा असते, असा सिद्धांत मांडला. रक्तातील मेदाम्ले वाढली की ग्लुकोजचा वापर मंदावतो, हे त्याचे सार होय.

दाहाचा शोध

१९९३ मध्ये बोस्टन येथील गोखान होतामिश्लिगिल, ब्रूस स्पीगलमन व सहकाऱ्यांना लठ्ठ प्रयोगप्राण्यांच्या मेदऊतीत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा हे दाहकारक प्रथिन वाढलेले आढळले. ते निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचा परिणाम सुधारला. २००१ मध्ये सॅलिसिलेटमुळे लठ्ठ प्राण्यांतील इन्सुलिन-प्रतिरोध कमी होतो, हे त्यामागील पेशीय यंत्रणेसह दाखविण्यात आले. एका शतकानंतर विल्यमसन यांच्या निरीक्षणाला अर्थ लाभला. २००३ मधील दोन शोधनिबंधांनी लठ्ठपणात मेदऊतीमध्ये मॅक्रोफेज या भक्षकपेशींची गर्दी होते हे सिद्ध केले. कृश व्यक्तींच्या मेदऊतीत १० टक्क्यांहून कमी असलेले त्यांचे प्रमाण स्थूल व्यक्तींत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाते, असा अंदाज त्यांपैकी एकात वर्तविला होता.

उपपत्तीची कसोटी

मानवी चाचण्यांनी मात्र हा उत्साह मर्यादित केला. १९९६ मध्ये वरील प्रथिन निष्प्रभ करणारे प्रतिद्रव्य स्थूल मधुमेहींना देऊनही इन्सुलिनचा परिणाम सुधारला नाही. २०१३ मध्ये सॅलसलेट या औषधाने रक्तशर्करा घटली, पण अल्प प्रमाणात. संपृक्त मेदाम्ले पेशीपृष्ठावरील टीएलआर-४ या ग्राहीद्वारे दाह चेतवितात, असे २००६ मध्ये मांडले गेले होते. मात्र पामिटिक आम्ल या ग्राहीस थेट उद्दीपित करीत नाही, असे २०१८ मधील अभ्यासात आढळले.

शस्त्रक्रियेचा अनुभवही बोधप्रद आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालचा बराच मेद शोषून काढण्यात आला. तरी इन्सुलिन-संवेदनक्षमता वा दाहनिदर्शके सुधारली नाहीत. उलट जठर-बायपासनंतर अतिस्थूल मधुमेहींची रक्तशर्करा, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत सुधारते, याकडे १९९५ मध्ये वॉल्टर पोरीस यांनी लक्ष वेधले होते. म्हणजे मेदाची राशी आणि चयापचयाचे आरोग्य ही एकच गोष्ट नव्हे.

भारतीय संदर्भ

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये जॉन युडकिन यांच्यासह हेच सत्य दुसऱ्या बाजूने दाखविले. दोघांचाही देहवस्तुमानांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळला.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उपपत्तीअभावी अचूक निरीक्षणही शतकभर उपेक्षित राहू शकते, आणि आकर्षक उपपत्तीलाही मानवी चाचणीची कसोटी टळत नाही. दाह हा अतिस्थूलतेतील विकारांचा एक दुवा आहे, एकमेव कारण नव्हे. म्हणूनच केवळ वजनावरून रुग्णाच्या आरोग्याविषयी, आणि त्याहूनही त्याच्या संयमाविषयी, निष्कर्ष काढणे शास्त्रास धरून नाही.