किल्ली शेजाऱ्याकडे

निवृत्तीनंतर मी आनेकलला राहतो. अत्तिबेले ओलांडलं की तमिळनाडूतलं होसूर, म्हणजे कृष्णगिरी जिल्हा. त्या जिल्ह्यात श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या छावण्या आहेत. तिथे जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली, तरी बहुतेकांची कागदावरची ओळख ‘निर्वासित’ हीच आहे.

१९८८ साली मी शांतिसेनेत कॅप्टन म्हणून जाफन्यात होतो. आमच्या गस्तीच्या वाटेवर एक बंद घर होतं. त्याची किल्ली शेजारच्या आजीबाई कमरेला खोचून असत. “भारतात गेलेत, येतील,” असं त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितलं. आज बोलायचं आहे ते या परतीच्या वाटेबद्दल.

जुलै १९८३च्या दंगलींनंतर लोक नावांत बसून रामेश्वरम, मंडपमला उतरू लागले. २०१२पर्यंत असे तीन लाखांहून अधिक लोक आले. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, श्रीलंकेनेही नाही. तरीही तमिळनाडूत त्यांना छप्पर, शिधा, महिन्याची मदत आणि मुलांना शाळा मिळाली. दोन्ही देश काही श्रीमंत नव्हते.

आसरा एकट्याला देता येतो. परत पाठवायचं तर दोघांनी बसून ठरवावं लागतं. २९ जुलै १९८७च्या राजीव गांधी–जयवर्धने करारात निर्वासितांच्या परतीचं कलम होतं. श्रीलंकेने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला आपल्या भूमीवर काम करू दिलं. १९८९पर्यंत सुमारे २५ हजार लोक परतले. मार्च १९९०मध्ये शांतिसेना माघारी आली, जूनमध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि लाखाहून अधिक लोक इकडे आले. परत गेलेल्यांपैकीही कित्येकांना पुन्हा नाव गाठावी लागली.

मे १९९१मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि इथलं वातावरण पालटलं. जानेवारी १९९२मध्ये परतपाठवणी सुरू झाली. लोकांवर दबाव येतो आहे, त्यांना न समजणाऱ्या भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या जात आहेत, अशा तक्रारी झाल्या. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षी भारताने उच्चायुक्तालयाला चेन्नईत बसू दिलं. जाणाऱ्याला एकच गोष्ट विचारायची : तुम्ही स्वखुशीने जाताय ना? मार्च १९९५पर्यंत सुमारे ९९ हजार लोक परतले. मग युद्ध पुन्हा भडकलं आणि सरकारी परतपाठवणी थांबली.

मी फौजी माणूस. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, याची नोंद ठेवणं देशाचं कामच आहे, यात मला शंका नाही. पण माणूस पलीकडे पोचवला की काम संपलं, असा हिशेब १९९०मध्ये चुकला. तिथे घर, शेत आणि शांतता असेल तरच तो टिकतो. ती हमी शेजारी देशाने द्यायची, आणि माणसाला खरंच जायचं आहे का, हे तिसऱ्याने विचारायचं. हे तिन्ही जुळलं तरच परत जाण्याला अर्थ.

२००९मध्ये युद्ध संपलं. काही हजार लोक स्वखुशीने गेले, बाकीचे राहिले. ज्यांनी जाफना कधी पाहिलंच नाही, त्यांना ‘परत जा’ म्हणायचं तरी कुठे? त्यांच्या नागरिकत्वाचा निर्णय आता आपल्यालाच घ्यायचा आहे.

त्या घरी कोणी परतलं का, मला ठाऊक नाही. आजीबाईंनी मात्र शेजारधर्म पाळला होता.


जय हिंद.