कोला आणि पाणी : एक दशांशाचा फरक

कोणत्याही गोड कोला पेयाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याचाच असतो. उरलेला एक दशांश भाग मात्र त्या पाण्याचे रासायनिक स्वरूप आणि शरीरावर होणारा परिणाम बदलून टाकतो. तहान दोन्हींनी भागते, तरीही कोला हा पाण्याचा पर्याय ठरत नाही.

घटक

शुद्ध पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक अणू असतो. पिण्याच्या पाण्यात याखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आदींचे क्षार अल्प प्रमाणात विरघळलेले असतात. भारतीय मानक ब्युरोने अशा विरघळलेल्या एकूण पदार्थांसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा ठरवली आहे. नेहमीच्या कोलात लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक साखर असते. म्हणजे एकटी साखरच या मर्यादेच्या दोनशे पटींहून जास्त भरते. साखरेशिवाय कोलात दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, फॉस्फोरिक आम्ल, कॅफीन, तपकिरी रंगासाठी कॅरॅमल आणि स्वादद्रव्ये असतात.

आम्लता

पाणी उदासीन असून त्याचा सामू ७ च्या आसपास असतो. कोलाचा सामू सुमारे २.५ असतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. या हिशेबाने कोला पाण्यापेक्षा सुमारे ३० हजार पट आम्लधर्मी ठरतो. बाटली उघडी ठेवल्यास वायू निघून जातो आणि त्यापासून बनलेले सौम्य कार्बोनिक आम्लही घटते. फॉस्फोरिक आम्ल मात्र तसेच राहते. त्यामुळे फेस गेलेला कोलाही आम्लधर्मीच असतो.

सामू ५.५ च्या खाली गेल्यावर दातांवरील इनॅमल झिजू लागते. कोलाच्या एका घोटाने दात विरघळतात ही समजूत चुकीची आहे, कारण लाळ ही आम्लता हळूहळू कमी करते. दिवसभर थोडा थोडा कोला पीत राहिल्यास मात्र लाळेला तेवढा अवधी मिळत नाही. जठरातील आम्ल कोलापेक्षा तीव्र असल्याने पोटाला या आम्लतेचे नावीन्य नसते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना मात्र कोलाने जळजळ वाढू शकते.

साखर आणि कॅफीन

कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढ व्यक्तीने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवल्यास अधिक लाभ होतो. एका डब्यानेच ही पातळी ओलांडली जाते. साखरविरहित कोलात ही अडचण नसली, तरी आम्लता कायम असते. एका डब्यातील कॅफीन सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण कपभर चहाइतके असते. पाण्यात ऊर्जाही नसते आणि कॅफीनही नसते.

मूळ पाण्याची शुद्धता

कोलाचा पाया पाणीच असल्याने पाण्यातील दोष पेयात उतरू शकतात. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीतील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिल्ली परिसरात विकल्या जाणाऱ्या १२ शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. त्यानंतर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली. फेब्रुवारी २००४ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने हे अंश आढळल्याच्या निष्कर्षाला दुजोरा दिला.

अतिसारात कोला नको

हा फरक सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो तो अतिसाराच्या वेळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, तसेच पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेटही असते. ग्लुकोज व सोडियम आतड्यातून एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यासोबत पाणीही शरीरात जाते. कोलात साखर कितीतरी पट अधिक आणि सोडियम नगण्य असते. एवढी साखर पाणी आतड्यात ओढून घेते, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. म्हणून जुलाब होणाऱ्या बालकाला कोला न देता जलसंजीवनी द्यावी आणि वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.