साडेतीन लाखांची शर्यत आणि एडी ॲडम्स

'धमाल' हा २००७ सालचा हिंदी सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी टीव्हीवर पाहिला असेल. मरताना एक माणूस सांगून जातो, गोव्यातल्या एका बागेत मोठ्या 'डब्ल्यू'खाली दहा कोटी पुरलेत, आणि मग सगळ्यांची पळापळ. या गोष्टीचं मूळ अमेरिकेत आहे. १९६३ साली स्टॅन्ली क्रेमर या दिग्दर्शकाने 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड' नावाचा विनोदी सिनेमा काढला. तो एरवी गंभीर विषयांवर सिनेमे करणारा माणूस. गोष्ट लिहिली विल्यम रोझ आणि त्याची बायको तानिया यांनी.

कॅलिफोर्नियातल्या डोंगररस्त्यावरून एक मोटार खाली कोसळते. मागच्या चार गाड्या थांबतात, पाच पुरुष खाली उतरतात. मरणारा सांगतो, साडेतीन लाख डॉलर पुरलेत. तेव्हाच्या दराने साधारण साडेसोळा लाख रुपये!

पुढचा प्रसंग बचत गटातल्या बायांनी तर पाहावाच. सगळे रस्त्याकडेला बसून वाटे ठरवतात. गाड्यांचे चार वाटे करायचे? मग एका गाडीतल्या दोघांत एकच वाटा येतो. खाली उतरलेल्यांचे पाच करायचे? तर वर थांबलेल्या बायका काय फुकटच्या? माणशी आठ केले, तर एकटा आलेला ट्रकवाला चिडतो, कारण जोडप्याला दोन वाटे जातात. एकाचाही हिशेब खोटा नाही, आणि तरीही जुळत नाही. पैसे अजून कुणी पाहिलेलेसुद्धा नसतात. शेवटी ज्याने त्याने आपलं पाहावं म्हणून सगळे सुसाट सुटतात. पुढे विमानं, मोडलेला पेट्रोल पंप, मारामाऱ्या असं बरंच काही आहे. मला ते जरा लांबलेलं वाटतं.

आठजणांत बायका तीन. त्यातली एमलिन पैशामागे लागलेलीच नसते, आणि पामच्या झाडांचा तो 'डब्ल्यू' सगळ्यांत आधी दिसतो तो तिला.

दुसरी मोनिका, दातांच्या डॉक्टरची बायको. हे काम केलं एडी ॲडम्सने. तिचा खरा नवरा अर्नी कोव्हॅक्स हा टीव्हीवरचा मोठा विनोदी नट. सिनेमात तिच्या नवऱ्याचं काम तोच करणार होता. पण जानेवारी १९६२ मध्ये मोटार अपघातात तो गेला. मागे राहिलं कर्ज आणि थकलेला आयकर. त्याच वर्षी एडी या सिनेमाच्या चित्रीकरणात उभी राहिली, लोकांना हसवायला.

मित्रमंडळींनी तिच्यासाठी कार्यक्रम करून पैसे उभारायचं ठरवलं होतं. तिने नको म्हटलं. मिळेल ते काम घेतलं, गाणी गायली, सिगारच्या जाहिराती केल्या आणि देणं फेडत आणलं. अर्नीच्या पहिल्या बायकोच्या मुली सांभाळायचा हक्कही तिने कोर्टात लढून मिळवला. मुलींनाही तिच्याकडेच राहायचं होतं.

त्या काळी टीव्ही कंपन्या जुन्या टेप पुसून पुन्हा वापरायच्या. अर्नीचे कार्यक्रमही तसेच पुसले जात होते. हे कळल्यावर एडीने उरलेल्या टेप स्वतःच्या पैशांनी विकत घेतल्या. २००८ साली ती वारली. अर्नीचे जे कार्यक्रम आज पाहायला मिळतात, त्यातले बरेचसे तिने सांभाळलेल्या त्या टेपांमधले आहेत.