जोडे काढा, माधवराव येताहेत

आधी जोडे काढून हातात घ्या. 1875 सालच्या पावसाळ्यात पुण्याच्या पेठांतला चिखल जोडा ठेवून घेतो आणि पाय तेवढा परत देतो. डोक्याला काहीतरी गुंडाळा. बोडके फिरलात, तर घरात कोण गेलं म्हणून चार जण विचारतील.

आता त्या ओट्यावर चढा. वास येतोय? भिजलेलं शेण, उघडी गटारं, मशालींचं तेल आणि मधूनच कुणाच्या तरी चुलीवरचा आंबेमोहोर. शेजारच्या ओल्या घोंगडीची लोकर तुमच्या दंडाला टोचतेय. सरकायला जागा नाही. सगळी पेठ लोटलीय.

एकीकडून मिरवणूक येतेय. पालखीत वेद, हत्तीवर स्वामी दयानंद सरस्वती. दुसरीकडून तिची टवाळी: एक गाढव, नाव गर्दभानंदाचार्य. (नाव संस्कृतात ठेवलंय. शिवी देतानाही व्याकरण सोडायचं नाही, हे खास पुणं.) गाढव बावरून ओरडतंय, पोरं त्याच्याहून मोठ्यानं.

पायी चाललेले ते धिप्पाड, डोळ्यांनी अधू गृहस्थ दिसले? ते महादेव गोविंद रानडे, म्हणजेच माधवराव, इथल्या कोर्टातले न्यायाधीश. स्वामींना पुण्यात बोलावण्यात त्यांचाच पुढाकार. पाठीराख्यांत जोतीराव फुलेही आहेत, सत्यशोधक मंडळींसह. रानड्यांकडे बोट दाखवून तुमच्या कानाशी कुणीतरी खेकसतं, ‘विधवाविवाहाच्या गोष्टी सांगतो, आणि स्वतः लग्न केलं अकरा वर्षांच्या मुलीशी!’ टोमणा झोंबरा आहे, कारण खरा आहे.

तेवढ्यात पहिला गोळा येतो. थंडगार, खडे मिसळलेला, थेट तुमच्या मानेवर. मग चहूकडून. उपरणी, पगड्या, अंगरखे, सगळं एकाच रंगाचं. ढकलाढकलीत कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतं, तोंडात माती करकरते, पोलीस आले म्हणून पळणारे तुमच्याच पायांवरून पळतात. न्यायाधीश म्हणून माधवरावांना सूट नाही, तेही माखलेत.

ते रागावतील, नावं लिहून घेतील, असं वाटतंय? छे. घरी जाऊन कपडे बदलतील. घरच्यांनी काळजीनं विचारलं तर हसतील: सगळ्यांबरोबर होतो, मला एकट्याला कसा वगळतील? 1885मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसतील, पुढं हायकोर्टात. तिथं भांडणं कागदावर चालतात, धोतर स्वच्छ राहतं. पण माणूस जोखायचा तर आजच जोखून घ्या, तो अजून तुमच्यापासून हातभर अंतरावर आहे.

अंग धुवायचंय ना? जवळच्या हौदावर जाल, तर पाण्याला हात लावण्याआधी जात विचारतील. थोडं चालायची तयारी असेल, तर जोतीरावांच्या घरचा हौद गाठा. तो त्यांनी सात वर्षांपूर्वीच सगळ्यांना खुला केलाय.