हलकी धाव

अमेरिकेत शाळेत धावणाऱ्या मुलांच्या घरी दहावीनंतरचा १५ जून फार मोठा दिवस असतो. त्या दिवसापासून पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे 'डिव्हिजन वन'च्या विद्यापीठांचे कोच मुलांना थेट फोन करू शकतात. १ ऑगस्टपासून विद्यापीठाच्या खर्चाने भेटीला बोलावू शकतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं त्यांचं. मुलगी दोन रात्री तिथे राहते, संघातल्या मुलींच्या खोलीवर झोपते, वर्ग बघते. एनसीएए या संस्थेने यासाठी केलेली नियमावली जाडजूड आहे, आणि पुढे जे घडलं त्यात त्यातलं एकही कलम मोडलं गेलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तेव्हा न्यू जर्सीत बारावीत होती. ३२०० मीटर १० मिनिटं २८ सेकंदांत धावायची. मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठाने तिला ऑक्टोबर २०२४ मध्ये बोलावलं. ताई आणि भाऊजींना रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेले. खालचा घटनाक्रम तिच्या घड्याळातल्या नोंदी, तिचे मेसेज आणि तिने नंतर सांगितलेलं यावरून लिहिला आहे. तो तिने वाचला आहे आणि छापायला होकार दिला आहे.

तो महिनाच वाईट होता. ७ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी विद्यापीठांच्या खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला प्राथमिक मंजुरी दिली. तोवर स्कॉलरशिप किती द्यायच्या यावर मर्यादा होती: मुलींच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्रीला मिळून १८, मुलांना १२.६. त्या तुकड्यातुकड्याने वाटल्या जायच्या. संघात माणसं किती ठेवायची यावर बंधन नव्हतं. आता उलटं होणार होतं. स्कॉलरशिप कितीही द्या, पण क्रॉस कंट्रीच्या संघात १७ जणीच. त्याच सुमाराला 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' हे दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारं जुनं पत्रही एनसीएएने रद्द केलं. कोच गांगरले होते, पालक गांगरले होते, आणि १३ नोव्हेंबरची सह्यांची तारीख तोंडावर आली होती.

गुरुवार, संध्याकाळी ५.३० (३९ तास आधी)

विमानतळावर सहायक कोच स्वतः गाडी घेऊन आली. पोरीने सामान उचलताना डावा पाय जरा जपूनच टाकला. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, हिप फ्लेक्सर आखडलाय. शाळेतल्या ट्रेनरने बघितलंय." ते खरंच होतं. तीन आठवडे जांघेत दुखत होतं, ट्रेनरने स्नायू ताणला गेलाय म्हणून रबरी पट्ट्यांचे व्यायाम दिले होते. एमआरआय कुणी सुचवला नव्हता.

गुरुवार, रात्री ८.३० (३६ तास आधी)

हेड कोचच्या घरी जेवण. माणूस मनमिळाऊ, बायको अगत्यशील. पोर शाकाहारी आहे हे लक्षात ठेवून तिच्यासाठी वेगळा पास्ता केला होता. गप्पा चालल्या असताना कोचने मला सहज विचारलं, "हिची आई उंचीने किती? बांधा तुमच्यासारखाच का?" मला आधी प्रश्नाचा रोखच कळला नाही. मी म्हटलं, ताई माझ्यापेक्षा बारीक आहे. तो "छान" म्हणाला आणि विषय बदलला.

मुलगी विशीत कशी दिसेल हे आईकडे बघून ताडायचं, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. टेबलाभोवती बसलेल्या संघातल्या चौघींनी तो प्रश्न ऐकला आणि चौघींनी माना खाली घातल्या. आमच्या पोरीच्या हातातला गार्लिक ब्रेडचा तुकडा ताटलीत परत गेला. त्यानंतर तिने पास्त्यालाही फारसा हात लावला नाही. एवढ्या प्रेमाने केलेलं जेवण त्या एका वाक्याने वाया गेलं.

शुक्रवार, सकाळी ११.३० (२१ तास आधी)

सकाळी प्राध्यापकांना भेटून झालं, ते चांगलं झालं. मग फोटो. भेटीला आलेल्या मुलांना संघाचा पोशाख घालून फोटो काढतात, तो आता रिवाजच झालाय. छायाचित्रकाराला ती हवेत झेपावलेली हवी होती. चार वेळा उडी मारायला लावली, आणि चारही वेळा ती डाव्या पायावर उतरली.

मांडीच्या हाडाला, खुब्याच्या सांध्याखाली जी 'मान' असते, तिथे चीर गेली आहे का हे बघायला डॉक्टर रुग्णाला एका पायावर उडी मारायला सांगतात. जांघेत कळ आली की तिथेच थांबवतात आणि कुबड्या देतात. कळ तिला त्या स्टुडिओत प्रत्येक उडीला आली. चौथ्या फोटोत ती हसते आहे, आणि डावी मूठ इतकी आवळलेली आहे की बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसतात. तो फोटो आजही ताईच्या फोनमध्ये आहे.

शुक्रवार, दुपारी ४.३० (१६ तास आधी)

कोचची कचेरी. ऑफर आली: ४० टक्के स्कॉलरशिप. "पण जागा दोनच उरल्यात," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आणखी तिघी येताहेत. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवलंस तर बरं." मी विचारलं, हे लेखी मिळेल का? लेखी नोव्हेंबरात, तोवर माझा शब्द, असं उत्तर मिळालं.

तोंडी ऑफर कुणालाच बांधत नाही, कोचला नाही आणि मुलीलाही नाही. तरी सतरा वर्षांची मुलगी कोचच्या शब्दाला वचन मानते.

उठता उठता तो म्हणाला, "उद्या सकाळी मुली हलकी धाव घेणार आहेत. वाटलं तर जा. मी तिथे नसेन, नियमच आहे तसा."

नियम असा आहे: डिव्हिजन वनमध्ये भेटीला आलेल्या खेळाडूची चाचणी घ्यायला बंदी आहे. तिने संघाबरोबर व्यायाम केला तर चालतो, मात्र कोचने तो ठरवलेला नसावा, बघितलेला नसावा, आणि तिची ताकद जोखण्यासाठी नसावा. यातलं शेवटचं कलम कोण तपासणार? कोच नंतर संघाच्या कप्तानाला विचारतो, "कशी वाटली?" कप्तान सांगते. भेटीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हे ठाऊक असतं.

शुक्रवार, संध्याकाळी ७.३० (१३ तास आधी)

ताईचा फोन. बाहेरच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा खर्च वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर सहज जातो. ४० टक्के म्हणजे घराला केवढा हातभार, हे भाऊजी मागून मोठ्याने मोजत होते. ताईने विचारलं, "पाय कसा आहे गं?" पोर म्हणाली, "बरा आहे आई, एकदम." मग ती सामान घेऊन मुलींच्या घरी गेली.

शुक्रवारची मध्यरात्र उलटून १.३० (७ तास आधी)

सहाजणींचं भाड्याचं घर, बैठकीत हवेची गादी. मुली तिच्याशी चांगल्याच वागल्या. पण शेजारच्या खोलीत दोघी दबक्या आवाजात बोलत होत्या आणि भिंत पातळ होती. संघात तेव्हा चोवीस जणी होत्या, पुढच्या वर्षी सतरा राहणार. कुणाचं नाव कापलं जाईल, याची त्या उजळणी करत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आणि वर नवीन येताहेत."

आपण ज्यांच्या घरात झोपलो आहोत त्यांच्यातलीच कुणाची तरी जागा आपल्याला मिळणार, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने मैत्रिणीला मेसेज केला: 'उद्या मागे पडले तर संपलं.' मग दोन आयबुप्रोफेन घेतल्या आणि डोळे मिटून पडून राहिली. झोप चार तास.

शनिवार, सकाळी ७.३० (१ तास आधी)

अर्धं केळं, आणखी दोन गोळ्या. दुखणं जवळजवळ गेलं. ते गेलं म्हणूनच ती निघाली. वेदनाशामक गोळी हाड जोडत नाही, हाड देत असलेला इशारा तेवढा बंद करते.

७.५२ (३८ मिनिटं आधी)

जुन्या रेल्वेमार्गावरची खडीची वाट. चौदा मुली आणि ती. कप्तान म्हणाली, "सात मैल, गप्पा मारत."

यापुढचं घड्याळच सांगतं. पहिला मैल ७ मिनिटं ३२ सेकंद. दुसरा ७.०५. इथवर गप्पा होत्या. तिसरा ६.४८. वेग कुणी वाढवला? ती म्हणते, कुणीच नाही आणि सगळ्यांनीच. पुढे असलेल्या दोघी अर्धं पाऊल पुढे गेल्या, मागच्यांना ते सोडवेना. त्या वाटेवर प्रत्येकीच्या डोक्यात सतराचा आकडा होता. चौथा ६.३१. बोलणं थांबलं. पाचवा ६.२४. चौघी मागे सुटल्या, आमची पोर पुढच्या सातजणींत होती.

पाचव्या मैलानंतर गोळ्यांना न जुमानता कळ परत आली, आता जांघेतून गुडघ्यापर्यंत. ती म्हणते, "मावशी, मला वाटलं दीडच मैल राहिलाय."

८.३०

लाकडी पुलाकडे जाणारा छोटासा उतार. डावा पाय टेकला आणि काडकन आवाज झाला. शेजारून धावणाऱ्या मुलीलाही तो ऐकू आला, तिला वाटलं फांदी मोडली.

चौघींनी तिला धरून ठेवलं, एकीने ९११ला फोन केला. दुपारी फुटबॉलचा सामना होता, गावातले रस्ते वळवले होते, आणि रुग्णवाहिका त्या वाटेवर येऊ शकत नव्हती. स्ट्रेचर चालत आणावं लागलं. मला फोन आला ८.४७ला, त्याच मुलीकडून जिने रात्री शेजारच्या खोलीत नावं मोजली होती. ती रडत होती आणि पुनःपुन्हा म्हणत होती, आम्ही हळू धावायला हवं होतं.

मांडीच्या हाडाची मान पूर्ण तुटून सरकली होती. तिथला रक्तपुरवठा नाजूक असतो. उशीर झाला तर खुब्याचा गोळाच मरू शकतो, म्हणून त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, तीन स्क्रू बसले. त्याआधी नर्सने ठरीव प्रश्न विचारले. शेवटची पाळी कधी आली? पोर म्हणाली, मार्चमध्ये. ऑक्टोबर चालू होता.

खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही की शरीर पाळी थांबवतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. मेरी केन ही किशोरवयात अमेरिकेतली सर्वांत वेगवान मुलगी म्हणून गाजलेली धावपटू. तीन वर्षं पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली, हे तिने २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या चित्रफितीत स्वतः सांगितलं. आमच्या पोरीने ती चित्रफीत बघितली होती, मैत्रिणींना पाठवलीही होती. पण पाळी थांबणं म्हणजे तयारी चांगली चालल्याची खूण, असं ट्रॅकवरच्या मोठ्या मुलींकडून तिच्या कानावर आलं होतं. ते धडधडीत चूक आहे, आणि प्रत्येक शाळेतल्या कोचने ते तोंडाने सांगायला हवं.

कोच दुपारी दवाखान्यात आला, खूप वेळ बसला. त्याचं वाईट वाटणं खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. दहा दिवसांनी त्याचा ताईला फोन आला: सतराची मर्यादा आहे, पुढच्या वर्षी धावेलच याची खात्री नाही, संपर्कात राहू. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे मागे घ्यायलाही काही नव्हतं. २०२५च्या ६ जूनला तडजोडीला अंतिम मंजुरी मिळाली. जागा गेलेल्यांना मर्यादेबाहेर ठेवून घ्यायची मुभा विद्यापीठांना त्यात आहे, सक्ती नाही.

पोर आता न्यू जर्सीतच शिकते, पोहते, चालताना लंगडत नाही. खुब्याचा एक्स-रे अजून ठरावीक काळाने काढावा लागतो.

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली बरीच मराठी मुलं आता क्रॉस कंट्री धावतात. त्यांच्या आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे. धावणाऱ्या मुलीला जांघेत दुखत असेल तर एमआरआय होईपर्यंत तिला पळू देऊ नका, ट्रेनर काहीही म्हणो. तिची पाळी नियमित आहे का हे विचारायला लाजू नका, आणि तीन महिने आली नसेल तर डॉक्टरकडे न्या. भेटीचं आमंत्रण आलं की उत्तरातच लिहून कळवा, की आमची मुलगी भेटीत धावणार नाही. त्या एका ओळीमुळे जी ऑफर जाईल ती जाऊ द्या.