बटाटे खाणाऱ्यांच्या मागचे चाळीस चेहरे

कलाशाळेत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या कामाचा एक संच बरोबर आणावा, ही चाल आता पुष्कळ ठिकाणी पडली आहे. या संचाला पोर्टफोलिओ असे भारदस्त नाव आहे. पालकांच्या तोंडी मात्र ती ‘चित्रांची फाईल’च असते. या फायलीत काय असावे, असे कोणाला विचारले तर बहुधा उत्तर येते, की चांगली उतरलेली दहा-पंधरा चित्रे. आमचे मत थोडे निराळे आहे. दहा सुबक चित्रांवरून विद्यार्थ्याचा हात कळतो. पण एखादी कल्पना त्याच्या मनात किती दिवस टिकते आणि टिकता टिकता कशी पालटते हे जाणून घ्यायचे, तर त्या कल्पनेमागचा सारा पसारा समोर हवा. असा पसारा क्वचितच शाबूत राहतो. हॉलंडमधील एका विद्यार्थ्याचा तो बराचसा राहिला आहे, म्हणून त्याची हकिगत येथे मांडतो.

हा विद्यार्थी म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याची सूर्यफुले आणि त्याचा कापलेला कान या दोन गोष्टी इतक्या ऐकून झाल्या आहेत, की त्यांपलीकडचा माणूस झाकूनच गेला आहे. त्या दोन्ही आपण बाजूला ठेवू. 1853 साली जन्मलेल्या या माणसाने चित्रकार होण्याचे ठरवले ते 1880 साली, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. तोवर चित्रविक्रीच्या दुकानातील नोकरी, शाळामास्तरकी, पुस्तकांचे दुकान आणि बेल्जमच्या कोळसा खाणींतील धर्मप्रचार असे सगळे करून झाले होते, आणि कशातच जम बसला नव्हता. आरंभ त्याने केला तो सर्वांसारखाच, कित्त्यावरून. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे रेखनाचे धडे त्या काळी युरोपभर चालत. त्यांतील कोळशाने काढावयाची साठ पाने व्हिन्सेंटने एकदा नव्हे, अनेकदा गिरवली. ज्याला पुढे जगाने बंडखोर ठरवले, त्याने कित्ता इतक्या निमूटपणे गिरवावा, हे आमच्या मते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1883 च्या डिसेंबरात तो न्यूनेन या खेड्यात आईवडिलांकडे राहायला आला. वडील तेथे पाद्री होते. धाकटा भाऊ थिओ पॅरिसमध्ये चित्रविक्रीच्या पेढीवर नोकरीला होता. 1884 साली दोघा भावांत असे ठरले, की थिओने दरमहा 150 फ्रँक पाठवावेत आणि व्हिन्सेंटचे जे काम होईल ते थिओच्या मालकीचे समजावे. दान घेण्याचा संकोच वाटू नये म्हणून काढलेली ही युक्ती. पण तिचा एक परिणाम असा झाला, की पूर्ण झालेले, फसलेले, अर्धवट राहिलेले असे नाना तऱ्हेचे काम न्यूनेनहून पॅरिसला जात राहिले, आणि त्याच्यासोबत ते का केले हे सांगणारी लांबच लांब पत्रेही गेली. विद्यार्थ्याचा चित्रसंच याहून निराळा काय असतो?

त्या वर्षी आधी त्याने गावचे विणकर आणि त्यांचे अवजड माग रंगवले. मग हिवाळा तोंडावर आला, तेव्हा त्याने एक हिशेबी संकल्प केला: शेतकऱ्यांचे पन्नास चेहरे रंगवायचे. त्यांपैकी चाळीसच्या वर आज शिल्लक आहेत. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया, हडकुळे पुरुष, जाड ओठ, थकलेले डोळे. रंग काळपट, मातकट. हे चेहरे रंगवताना मोठ्या चित्राचा आराखडा त्याच्यापुढे तयार नव्हता. चेहरा शिकायचा, एवढाच हेतू होता. कल्पना आधी येते आणि सराव मागून, असे आपण धरून चालतो. येथे क्रम उलटा दिसतो. गावातील एका गरीब कुटुंबाच्या झोपडीत तो वारंवार जाऊन बसे. त्या घरी दिव्याच्या उजेडात रात्रीचे जेवण चाले, आणि हिवाळाभर गिरवलेले ते चेहरे एका टेबलाभोवती येऊन बसले.

1885 च्या मार्चअखेरीस त्याचे वडील अकस्मात वारले. या मृत्यूचा चित्राशी संबंध जोडण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. आधीच्या एका कच्च्या तैलचित्रात टेबलाशी चौघेच आहेत. एप्रिलमधील पुढच्या चित्रात पाचवे माणूस आले. मधल्या काळात हातांची, भांड्यांची, झोपडीच्या अंतर्भागाची स्वतंत्र रेखने झाली. मग त्याने आठवणीने त्याची शिळाछाप काढली. दगडावर सरळ काढलेले छापताना उलटे होते, हे सोसून ती तशीच भाऊ आणि मित्र यांच्याकडे धाडली. शेवटी 82 सेंटिमीटर उंच आणि 114 सेंटिमीटर रुंद अशा कापडावर मोठे चित्र सुरू झाले, आणि तेही बहुतांशी आठवणीने, कारण माणसे समोर बसवण्याची गरज आता उरली नव्हती. या प्रवासात मूळ विषयही सरकला. हिवाळ्यात तो चेहऱ्यांच्या मागे होता. एप्रिलअखेर थिओला लिहिताना तो हातांविषयी बोलू लागला. जे हात ताटात जात आहेत त्यांनीच ती जमीन खणली आहे, म्हणजे हे अन्न कष्टाचे आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. कातड्यांचा रंगही त्याने बदलला. आधी गोरट लावलेला रंग पुसून, साल न काढलेल्या मातट बटाट्याचा रंग त्याने चेहऱ्यांना दिला.

शिळाछाप ज्या मित्राकडे गेली तो अँटॉन व्हॅन रापार्ड. हा रीतसर शिकलेला, सभ्य आणि मनाने सरळ चित्रकार. त्याने पत्र लिहिले ते असे, की वाचवत नाही. मागच्या बाईचा हात खरा नाही, किटली धड टेकलेली नाही की धरलेली नाही, एका पुरुषाला तर गुडघाच नाही. व्हिन्सेंटने ते पत्र जसेच्या तसे परत केले, आणि पाच वर्षांची मैत्री पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. रापार्डचे दोषदिग्दर्शन खोटे होते असे आम्हांस म्हणवत नाही. शिळाछाप पाहणाऱ्या कोणासही ते दोष आजही दिसतील. मात्र त्याच्यापुढे एकच कागद होता. मागचे चाळीस चेहरे आणि पुढचे मोठे चित्र त्याने त्या वेळी पाहिले नव्हते.

अँटवर्पच्या अकादमीतही तेच घडले. 1886 च्या जानेवारीत व्हिन्सेंट तेथे दाखल झाला. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून बाह्यरेषा नेमकी काढणे ही तेथली शिस्त. हा गडी मात्र रेषेऐवजी आकाराचे घनत्व धरू पाही. शिक्षकांशी खटके उडाले. वर्गातल्या कामावरून त्याला खाली, नवशिक्यांच्या वर्गात घालावे असा निर्णय झाला. तोवर हे गृहस्थ पॅरिसला पोचलेही होते.

या अकादमीला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 साली निघाली, तेव्हा इंग्रजी पद्धतीप्रमाणे कित्ते आणि पुतळे यांवरच भर होता. जिवंत माणूस बसवून नग्नाकृती काढण्याचा वर्ग सुरू व्हायला ग्लॅडस्टन सॉलोमनसाहेबांच्या कारकिर्दीतले 1919 साल उजाडावे लागले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांच्या तयारीत आपल्याकडची मुले वर्षभर शेकडो कागद खर्च करतात, आणि परीक्षा संपली की ते रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. एकाच पेल्याची वीस रेखने ज्या मुलीने केली, तिच्या फायलीत विसावेच तेवढे लागते.

व्हिन्सेंटच्या पसाऱ्याची गतही याहून फार निराळी नव्हती. न्यूनेन सोडताना त्याने पुष्कळसे काम मागे ठेवले. आईने बिऱ्हाड ब्रेडा गावी हलवले, तेव्हा त्याच्या पेट्या एका सुताराकडे पडून राहिल्या. पुढे त्यांतला माल जुन्या बाजारवाल्याच्या हाती गेला, आणि काही चित्रे हातगाडीवरून किरकोळ भावाने विकली गेली. वाचले ते मुख्यत्वे थिओकडे गेलेले. थिओ 1891 साली वारल्यावर त्याची तरुण विधवा योहाना हिने चित्रे आणि पत्रे दोन्ही जपली आणि 1914 साली पत्रे छापून काढली. त्या पत्रांवाचून वरची हकिगत सांगताच आली नसती.

पॅरिसच्या उजळ रंगांत न्हाऊन निघाल्यावरही 1887 साली बहिणीला लिहिताना व्हिन्सेंटने या काळपट चित्राला आपले सर्वांत चांगले काम म्हटले. 1890 च्या वसंतात, सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना, ते चित्र नव्याने करावे असे त्याच्या मनाने घेतले. न्यूनेनची जुनी रेखने कोणाकडे उरली असतील तर पाठवा, असे त्याने घरी कळवले. तोवर त्याने आठवणीने पुन्हा रेखने करायला घेतली: टेबलाभोवतीची तीच माणसे, वर टांगलेला तोच दिवा. जुलैच्या 29 तारखेस तो वारला. मोठे चित्र दुसऱ्यांदा झाले नाही. ती रेखने मात्र आहेत.